मॅक्स ७२१९ चा मॅट्रिक्स चालता चालता पूर्ण पेटतो, विझतो किंवा गोठतो : कारण आणि उपाय

मॅक्स ७२१९ ही ८×८ एलईडीचा मॅट्रिक्स चालवणारी चिप. अर्डुइनोसारखा कंट्रोलर तिला चित्र पाठवतो. लक्षण असं. घड्याळ किंवा सरकता मजकूर तासन्‌तास नीट चालतो. मग अचानक ८×८ चा एखादा ब्लॉक पूर्ण पेटतो, सगळेच्या सगळे ६४ एलईडी लखलखीत. किंवा एक ब्लॉक काळा पडतो आणि शेजारचे मात्र आपले चालूच. कधी काहीही अर्थ लागणार नाही अशा तुटक रेघा उमटतात आणि तशाच राहतात. कंट्रोलरचं रीसेट बटण दाबलं की कधी सुटतं, कधी नाही. वीज काढून पुन्हा दिली की सुटतं, आणि काही तासांनी परत तेच.

वीज काढून दिल्यावर सगळं ठीक होत असेल तर मॉड्यूल बदलू नका. चिप जळलेली नाही, एलईडीही शाबूत आहेत. चिपच्या आत एका रजिस्टरमध्ये (आकडा साठवायच्या छोट्या जागेत) भलताच आकडा जाऊन बसला आहे आणि तो दुरुस्त करायला तुमचं स्केच, म्हणजे कंट्रोलरमधला प्रोग्राम, परत तिकडे फिरकतच नाही, एवढंच झालेलं असतं.

आत काय घडतं

मॅक्स ७२१९ ला दर वेळी १६ बिट पाठवले जातात. पहिले चार बिट बिनकामाचे, पुढचे चार पत्ता आणि शेवटचे आठ माहिती. पत्ता १ ते ८ म्हणजे मॅट्रिक्सच्या आठ ओळी. त्यापुढचे पत्ते कंट्रोलचे: ९ डीकोड (माहिती आकडा समजून दाखवणं), १० प्रखरता, ११ किती ओळी फिरवायच्या ती मर्यादा, १२ शटडाउन (० म्हणजे पडदा बंद, १ म्हणजे चालू) आणि १५ डिस्प्ले टेस्ट (सगळे एलईडी पेटवून बघणं). १३ आणि १४ रिकामे आहेत. पत्ता ० म्हणजे काहीच करू नको.

ओळींची रजिस्टरं चित्र बदलेल तसं पुन्हा पुन्हा लिहिली जातात. तिथे एखादी चूक झाली तरी पुढच्या चित्रात ती पुसली जाते, डोळ्याला कळतही नाही. कंट्रोलची रजिस्टरं मात्र बहुतेक स्केचमध्ये सुरुवातीला एकदाच लिहिली जातात. तिथे पडलेला डाग वीज जाईपर्यंत तसाच राहतो.

पण ओळीची माहिती कंट्रोलच्या रजिस्टरमध्ये जाईलच कशी? क्लॉकच्या तारेवर, म्हणजे दर ठोक्याला चिपला पुढचा बिट घ्यायला सांगणाऱ्या तारेवर, एक जादा ठोका पडला की. एका ब्लॉकचा हिशेब मांडून बघू. सातव्या ओळीचे दोन्ही टोकांचे ठिपके पेटवायचे आहेत, तर चिपला जायला हवं:

००००  ०१११  १००००००१

माहितीचे बिट जात असताना क्लॉकवर खरखर झाली आणि पहिला १ दोनदा मोजला गेला. आता १७ बिट आत गेले. चिप शेवटचे १६ धरते, म्हणजे आधीचं सगळं एक घर डावीकडे सरकलं:

००००  ११११  १००००००१

पत्ता ७ चा १५ झाला. डिस्प्ले टेस्टमध्ये शेवटचा बिट १ म्हणजे टेस्ट चालू. ब्लॉक पूर्ण पेटला. डिस्प्ले टेस्ट शटडाउनलाही जुमानत नाही आणि प्रखरतेलाही नाही, म्हणून तुम्ही प्रखरता कमी केली तरी तो ढिम्म हलत नाही.

हाच हिशेब बाकीच्या ओळींना लावला की सगळी लक्षणं ओळखीची वाटू लागतात. सहावी ओळ पूर्ण रिकामी असताना जादा ठोका पडला तर ०११० चं ११०० होतं, म्हणजे शटडाउनमध्ये शून्य, आणि ब्लॉक काळा. पाचव्या ओळीचा पहिला ठिपका विझलेला असेल तर प्रखरता बदलते, पेटलेला असेल तर ओळींची मर्यादा बदलते. चौथ्या ओळीचा पहिला ठिपका पेटलेला असेल तर डीकोड चालू होतं. मग चिप तुमचे ठिपके सात-खंडी आकडे समजून उलगडू लागते, आणि त्या निरर्थक रेघा येतात त्या इथून. पहिल्या तीन ओळी आणि आठवी यांच्यापासून असा धोका नाही, त्यांचा पत्ता सरकून फार तर दुसऱ्या ओळीवर किंवा शून्यावर जातो. चिपची 'सातवी ओळ' तुमच्या मॉड्यूलवर उभी आहे की आडवी, वर आहे की खाली, हे मॉड्यूलच्या जोडणीवर ठरतं. हिशेब बदलत नाही.

म्हणूनच चौकट काढणारं किंवा पूर्ण भरलेलं चित्र दाखवताना ब्लॉक पेटून बसतात आणि मोकळ्या जागा जास्त असलेल्या मजकुरात काळे पडतात. बिघाड चित्राप्रमाणे बदलतो, म्हणून लोक स्केचमध्ये चूक शोधत बसतात.

ओळींची मर्यादा बिघडलेली असेल तर मात्र तसंच चालू ठेवू नका. ब्लॉकच्या एक-दोनच ओळी नेहमीपेक्षा जास्त प्रखर दिसल्या की ते हेच. तीन किंवा त्याहून कमी ओळी फिरत असताना प्रत्येक एलईडीचा प्रवाह कमी ठेवावा असं चिपच्या माहितीपत्रकात स्पष्ट आहे: एका ओळीला १० मिलिअँपिअर, दोनला २०, तीनला ३०. मॉड्यूलवर साधारणपणे १० किलोओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे ४० च्या आसपास. चिप तापते.

काळा पडलेला ब्लॉक : दोन कारणं, एक चाचणी

काळा ब्लॉक जादा ठोक्यामुळे होतो तसा व्होल्टेज क्षणभर खाली गेल्यानेही होतो. वीज येताना मॅक्स ७२१९ नेहमी शटडाउनमध्येच जागा होतो. सप्लाय इतका दबला की चिप रीसेट झाली पण कंट्रोलर झाला नाही, तर कंट्रोलरला पत्ताच लागत नाही. तो ओळी पाठवत राहतो, चिप झोपलेली.

ओळखायचं असं: स्केचमध्ये एक बटण ठेवा. ते दाबल्यावर फक्त पत्ता १२ वर १ पाठवा, बाकी काही नाही. ब्लॉक चित्रासकट नीट उगवला तर फक्त शटडाउनचा बिट पडला होता, म्हणजे सिग्नलचा दोष. ब्लॉक उगवला पण एकच ओळ अंधूक दिसतेय, तर चिप पूर्ण रीसेट झाली होती: वीज आल्यावर मर्यादा एका ओळीची आणि प्रखरता सर्वांत कमी असते. मग दोष सप्लायचा. ही पाच मिनिटांची चाचणी पुढचे कितीतरी तास वाचवते, तेव्हा ती आधी करा.

सप्लाय

चार ब्लॉकच्या पट्टीला किती प्रवाह लागतो याचा अंदाज लोक नेहमी कमी धरतात. चिप एका वेळी एकच ओळ पेटवते, पण त्या ओळीचे आठही एलईडी ४० मिलिअँपिअरने पेटले तर ३२० होतात. चिपचा स्वतःचा खप धरून ३३०. चार ब्लॉकना १.३ अँपिअर. यूएसबी पोर्टवरून किंवा बोर्डच्या ५ व्होल्ट पिनवरून हे निभत नाही. काही छोट्या बोर्डांवर यूएसबी आणि ५ व्होल्ट पिनच्या मध्ये डायोड असतो, तिथे सुरुवातच ४.६ च्या आसपास होते.

'प्रखरता २ वर ठेवली आहे, मग कसला प्रवाह?' हा प्रश्न हमखास येतो. प्रखरतेचा आकडा फक्त पेटण्याचा वेळ बदलतो, ० ला १/३२ आणि १५ ला ३१/३२. पेटलेल्या क्षणी प्रवाह तेवढाच, ३२० मिलिअँपिअर. सरासरी कमी झाली, झटका तोच राहिला. शिवाय प्रत्येक चिपचं ऑसिलेटर स्वतंत्र असल्याने चारही झटके अधूनमधून एकाच क्षणी येऊन आदळतात. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, त्याला हे दिसत नाही.

करायचं काय: चार ब्लॉकना ५ व्होल्ट २ अँपिअरचा स्वतंत्र सप्लाय, आणि त्याचं ग्राउंड कंट्रोलरच्या ग्राउंडला जोडलेलं. प्रत्येक चिपच्या पिन १९ आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, पिनला अगदी चिकटून. मॉड्यूलवर हे दोन्ही बसवलेले असायला हवेत. एखाद्यावर सिरॅमिक नसेलच तर मागच्या बाजूने सोल्डर करा. पट्टीच्या सुरुवातीला ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा एक मोठा कॅपॅसिटर वेगळा. चिपला ग्राउंडच्या दोन पिना आहेत, ४ आणि ९. स्वतः बोर्ड बनवला असेल तर दोन्ही जोडल्यात ना ते बघा, एक राहून जाते.

आता सगळे एलईडी पेटवून, प्रखरता १५ वर ठेवून, सर्वांत शेवटच्या ब्लॉकवर व्होल्टेज मोजा. चिपची किमान मर्यादा ४.० व्होल्ट आहे, पण सरासरी ४.६ च्या खाली दिसली तरी तार बदला. ब्रेडबोर्ड आणि बारीक जम्पर वायर यांच्यातून १.३ अँपिअर नेऊ नका. वायर आतून किती बारीक आहे ते बाहेरच्या प्लॅस्टिकवरून कळत नाही. आठ ब्लॉक किंवा जास्त असतील तर दर चार ब्लॉकमागे ५ व्होल्ट आणि ग्राउंड थेट सप्लायवरून आणा.

३.३ व्होल्टचा कंट्रोलर

ईएसपी ८२६६ किंवा ईएसपी ३२ हे वायफायचे कंट्रोलर वापरत असाल तर बहुतेक वेळा गुन्हेगार इथेच सापडतो. ५ व्होल्टवर चालणाऱ्या मॅक्स ७२१९ ला १ म्हणून किमान ३.५ व्होल्ट हवेत. ईएसपी देतो ३.३. टेबलावर, छोट्या तारांनी, कमी प्रखरतेवर हे चालतं, कारण खरी चिप बहुधा त्याहून कमी व्होल्टेजवरही १ ओळखते. पण मधला फरक इतका थोडा राहतो की ग्राउंडच्या तारेत ०.२ व्होल्ट पडले तरी बिट हुकतो. मॅट्रिक्सलाच ३.३ व्होल्ट द्यावेत हा सल्ला काही जण देतात. तो चुकीचा आहे, ४.० च्या खाली चिपची हमी नाही.

७४एचसीटी१२५ ही चौदा पिनांची बफर चिप मध्ये घाला. पिन १४ ला ५ व्होल्ट, ७ ला ग्राउंड, दोन्हींमध्ये ०.१ मायक्रोफॅरड. पिन १, ४, १० आणि १३ ग्राउंडला. डेटा पिन २ मध्ये आणि ३ मधून बाहेर. क्लॉक ५ मध्ये, ६ मधून बाहेर. लोड (आत आलेले १६ बिट रजिस्टरमध्ये बसवायची खूण देणारी तार) ९ मध्ये, ८ मधून बाहेर. चौथा बफर रिकामा राहतो, त्याची पिन १२ ग्राउंडला जोडा आणि ११ मोकळी सोडा. नावातलं 'टी' महत्त्वाचं आहे: एचसीटी चिप २.० व्होल्टलाच १ मानते. साधी ७४एचसी१२५ आणली तर तिलाही ५ व्होल्टवर ३.५ च लागतात आणि प्रश्न होता तिथेच राहतो.

मॉसफेट आणि १० किलोओहमचे रेझिस्टर असलेले चार वाटांचे छोटे लेव्हल शिफ्टर (३.३ व्होल्टचा सिग्नल ५ वर नेणारे) इथे वापरू नका. त्यांची वर जाणारी कड, म्हणजे सिग्नल ० वरून १ वर चढतो तो भाग, रेझिस्टरच्या भरवशावर चढते. तारेचे ५० पिकोफॅरड धरले तरी त्या चढाला अर्धा मायक्रोसेकंद लागतो. सावकाश चढणारी क्लॉकची कड म्हणजे जादा ठोक्याला आमंत्रण.

तारा, वेग आणि क्लॉक

साखळीत डेटा प्रत्येक चिपमधून नव्याने बाहेर पडतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत ताजा राहतो. क्लॉक आणि लोड मात्र सगळ्या चिपांना समांतर जोडलेले असतात. ब्लॉक वाढले की भार यांच्यावरच वाढतो. म्हणून आधी क्लॉककडे बघा. कंट्रोलरपासून पहिल्या ब्लॉकपर्यंत तारा ३० सेंटीमीटरच्या आत ठेवा. क्लॉकच्या तारेला लागून ग्राउंडची तार पिळून न्या. कंट्रोलरच्या किंवा बफरच्या पिनपाशीच क्लॉक आणि लोडमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर ओळीत घाला. तो मॉड्यूलच्या टोकाला घालून उपयोग नाही, तारेवर उसळणारा सिग्नल उगमापाशीच दाबावा लागतो.

चिपची कमाल मर्यादा १० मेगाहर्ट्झ आहे आणि हार्डवेअर एसपीआय (कंट्रोलरमधली बिट पाठवायची तयार व्यवस्था) वापरणाऱ्या लायब्ऱ्या, म्हणजे स्केचमध्ये घ्यायचे तयार कोड, त्याच्या जवळ जाऊन धावतात. एवढी घाई कशाला? चार ब्लॉकच्या आठ ओळी म्हणजे ५१२ बिट, १ मेगाहर्ट्झवर अर्ध्या मिलिसेकंदात होतात. वेग १ मेगाहर्ट्झवर आणा. बिघाड लगेच कमी झाला तर दोष तारांचा आहे हेही कळलं. पण वेग उतरवल्याने कडेवरची खरखर जात नाही, तेव्हा रेझिस्टर आणि ग्राउंड यांना तो पर्याय नाही.

फक्त सुरू होताना किंवा स्केच चढवताना बिघडत असेल तर

कंट्रोलर रीसेटमध्ये असताना त्याच्या पिना अधांतरी असतात. मॅक्स ७२१९ मध्ये लोडची पातळी काहीही असली तरी क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला बिट आत सरकतात (मॅक्स ७२२१ मध्ये तसं नाही, तिथे लोडच्या जागी असलेली सीएस ही पिन खाली असावी लागते). अर्डुइनो उनोवर क्लॉक म्हणजे पिन १३, आणि बूटलोडर (नवं स्केच चढवून घेणारा छोटा प्रोग्राम) नेमका तिथलाच एलईडी लुकलुकवतो. म्हणजे कचरा आत भरला जातो, आणि लोड एकदा खालून वर गेली की तो रजिस्टरमध्ये बसतो.

उपाय: मॉड्यूलवर सीएस लिहिलेल्या त्या लोड पिनपासून ५ व्होल्टला १० किलोओहम. आणि स्केचमध्ये आधी लोडच्या पिनवर हाय लिहा, मगच ती आउटपुट करा. उलट क्रमाने केलं तर पिन आधी खाली येते, मग वर जाते, आणि नको ती कड तुम्ही स्वतःच देता. बफर वापरत असाल तर हा रेझिस्टर बफरच्या आत येणाऱ्या बाजूला, कंट्रोलरच्या ३.३ व्होल्टला जोडा. ईएसपी ८२६६ वर लोडसाठी जीपीआयओ १५ घेऊ नका. सुरू होताना ती पिन खालीच असावी लागते. तिला वर ओढलं तर बोर्ड सुरूच होणार नाही. जीपीआयओ ५ घ्या.

रिले शेजारी असेल तर

रिले सुटताना बिघाड होत असेल तर कॉइलवर उलटा डायोड हवाच, १एन४००७ चालतो. कॉइलचं ग्राउंड थेट सप्लायपाशी न्या, मॅट्रिक्सच्या तारेतून नको. संपर्कांवर मेन्सची मोटर किंवा पंखा असेल तर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा तयार स्नबर (संपर्क सुटतानाचा झटका शोषणारी जोडी) लावा. त्यातला कॅपॅसिटर एक्स२ (मेन्सवर जोडण्यासाठीच्या) वर्गाचाच असावा, साधा लावू नका. हे काम मेन्स बंद करूनच.

कंट्रोलची रजिस्टरं पुन्हा लिहिणं

वरचं सगळं केल्यावर, आधी नव्हे, स्केचमध्ये दर सेकंदाला कंट्रोलची पाचही रजिस्टरं पुन्हा लिहा. क्रम असा:

१. पत्ता १५ वर ०
२. पत्ता ११ वर ७
३. पत्ता ९ वर ०
४. पत्ता १० वर तुमची प्रखरता
५. पत्ता १२ वर १

आधी शटडाउनमध्ये पाठवू नका आणि पडदा पुसू नका, म्हणजे डोळ्याला काहीही जाणवणार नाही. चार ब्लॉकना हे ३२० बिट होतात, १ मेगाहर्ट्झवर मिलिसेकंदाचा एक तृतीयांशही नाही. सगळ्या ब्लॉकना एकच आज्ञा द्यायची असल्याने तेच १६ बिट ब्लॉकांच्या संख्येइतके वेळा पाठवून मगच लोड वर न्या.

लायब्ररीचा इथे फरक पडतो. एमडी मॅक्स ७२एक्सएक्स मध्ये कंट्रोल नावाच्या फंक्शनमधून पाचही रजिस्टरं लिहिता येतात. लेडकंट्रोलमध्ये प्रखरता, मर्यादा आणि शटडाउन एवढीच बाहेरून हाताळता येतात. डिस्प्ले टेस्ट आणि डीकोड फक्त ऑब्जेक्ट तयार होताना लिहिले जातात, त्यामुळे पूर्ण पेटलेला ब्लॉक तिच्याकडून सुटत नाही. लायब्ररीत दोन ओळींचं फंक्शन वाढवा किंवा ती बदला. लेडकंट्रोलमध्ये शटडाउनला 'फॉल्स' दिलं की पडदा चालू होतो, हेही अनेकांचं उलटं होतं.

काही लायब्ऱ्या फक्त बदललेल्या ओळी पाठवतात. चित्र स्थिर असेल तर बिघडलेली ओळ तशीच राहील, म्हणून दर काही सेकंदांनी आठही ओळी सक्तीने पाठवा.

हे या दुखण्यात मोडत नाही

एकच ठिपका कायम बंद असेल तर तो एलईडी गेला. पूर्ण ओळ किंवा पूर्ण स्तंभ कायम बंद असेल तर मॅट्रिक्सची पिन सॉकेटमध्ये वाकली आहे किंवा ड्राय सोल्डर आहे. मॅट्रिक्स काढण्याआधी छापील नंबर कोणत्या बाजूला आहे ते लिहून ठेवा, उलटा बसवला तर काहीच धड दिसत नाही. अक्षरं प्रत्येक ब्लॉकमध्ये वेगवेगळी आडवी किंवा आरशात पाहिल्यासारखी दिसत असतील तर लायब्ररीत हार्डवेअरचा प्रकार चुकला आहे. चार ब्लॉकच्या जोडपट्टीला बहुधा एफसी १६ हा प्रकार लागतो. ठरावीक ब्लॉकपासून पुढचं सगळं नेहमीच बंद असेल तर त्या जागेचा डीआउट (डेटा बाहेर पडण्याची पिन) ते पुढच्या ब्लॉकचा डीआयएन (डेटा आत जाण्याची पिन) हा सांधा तपासा.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

दर सेकंदाचं पुनर्लेखन बंद करा. प्रखरता १५ वर ठेवा. चौकट आणि रिकामा पडदा आलटून पालटून दाखवणारं चित्र लावा, म्हणजे सातवी ओळ टोकांना पेटलेली आणि सहावी पूर्ण विझलेली, दोन्ही प्रसंग सतत येत राहतील. बदललेल्या ओळीच पाठवणारी लायब्ररी असेल तर प्रत्येक वेळी आठही ओळी पाठवायला लावा. असं २४ तास चालू द्या, जवळ रिले असेल तर तोही दर मिनिटाला चालू-बंद करत राहा. एकही ब्लॉक पेटून बसला नाही किंवा काळा पडला नाही तर हार्डवेअर नीट आहे. मग पुनर्लेखन पुन्हा चालू करून डबा बंद करा.